यापसीचं दुसरं बारसं

“यापसी म्हणजे नक्की काय हो?” आमच्या कंपनीच्या लेखा विभागातल्या बाईंनी विचारलं. मी पर्लमध्ये प्रोग्राम लिहिणारा. परिषदेला थोडं प्रायोजकत्व द्या, असा अर्ज घेऊन त्यांच्या टेबलाशी उभा. ‘येट अनदर पर्ल कॉन्फरन्स’, म्हणजे ‘आणखी एक पर्ल परिषद’, असं मी सांगितलं. “आणखी एक? मग आधीच्यांना आपण किती दिले?” मला हसू आलं. अर्ज मात्र परत आला.

या नावातली गंमत युनिक्सवाल्यांना लगेच कळते. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी कंपायलर बनवायला मदत करणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याला ‘याक’ म्हटलं: ‘येट अनदर कंपायलर कंपायलर’. आपल्याच कामाला ‘आणखी एक’ म्हणून नावं ठेवायची ही रीत आमच्या जमातीत तेव्हापासूनची. १९९९ साली केविन लेन्झो यांनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिली यापसी भरवली. ओरायली या प्रकाशनसंस्थेची ‘द पर्ल कॉन्फरन्स’ १९९७ पासून होतीच, पण तिचं शुल्क विद्यार्थ्याला झेपणारं नव्हतं. स्वयंसेवकांनी स्वस्तात भरवलेल्या परिषदेचं हे नाव म्हणजे थोरलीला काढलेला चिमटा.

पण चिमटा कुणाला काढलाय हे ठाऊक असेल त्यालाच हसू येणार. पैसे मंजूर करणाऱ्याला ते ठाऊक नसतं, आणि असावं अशी अपेक्षाही चूकच. विषय कोणता, माणसं किती, आमचं बोधचिन्ह कुठे, एवढंच तो पाहतो. नाव गमतीदार असायला माझी हरकत नाही, पण विषय त्यात ऐकू यायला हवा. पायथन या भाषेच्या परिषदेचं नाव ‘पायकॉन’, त्यात पायथन ऐकू येतो. भारतातली पहिली पायकॉन २००९ साली बंगळूरला झाली, २०११ साली ती पुण्यात आली. नावाचा अर्थ कुणाला समजावत बसावं लागलं नाही. फार नेमकं नावही नडतंच म्हणा. ‘लिनक्स बँगलोर’ या परिषदेच्या नावात तंत्रज्ञान आणि गाव दोन्ही आलं, पसारा वाढल्यावर तो अंगरखा आखूड पडला आणि २००५ साली त्याचं ‘फॉस डॉट इन’ झालं.

यापसीचं दुसरं बारसं झालं ते उसन्या नावानं. ओरायलीनं आपलं जुनं नाव वापरू दिलं आणि २०१७ साली अमेरिकेतल्या अलेक्झांड्रियाच्या परिषदेवर ‘द पर्ल कॉन्फरन्स’ ही पाटी लागली. चिमटा काढणारी धाकटी थोरलीच्याच नावानं मिरवू लागली! मला ‘यापसी’ हेच नाव जास्त आवडायचं, अजूनही आवडतं. पुढे २०१९ साली ‘पर्ल सिक्स’ या पर्लच्या भगिनी भाषेचं नाव ‘राकू’ झालं आणि परिषदेच्या नावात तेही जोडलं गेलं.

नवं नाव घेऊन मी पुन्हा त्याच टेबलाशी गेलो. बाईंनी अर्ज वाचला. नावाबद्दल चकार शब्द काढला नाही. चष्मा खाली घेऊन एवढंच विचारलं, “हे पर्ल अजून वापरात आहे का हो?”