प्रश्नावली पोचली

दौंड, डिसेंबर

प्रिय भाचीबाई,

तुझी प्रश्नावली पोचली. शिरूर-दौंडकडची गावं आधी पाहायची आणि मग एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात काय करायचं ते ठरवायचं, हा क्रम मला पसंत आहे. एरवी बॅनर आधी छापतात, गरज मागाहून शोधतात.

पण 'आपल्या गावाची गरज काय?' हा पहिलाच प्रश्न खोड. ग्रामपंचायतीत तो विचारलास की सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट अशी उत्तरं येतील. ती खोटी नसतात, पण भर दुपारी ओट्यावर बसायला ज्यांना सवड आहे त्यांची असतात. त्यापेक्षा कालचा दिवस कसा गेला ते विचार. पाणी कुणी भरलं, कुठून आणलं, रात्री मोटार चालू करायला कोण गेलं? पिंपरखेडला 2025 साली बिबट्याच्या हल्ल्यात लेकरं गेली. तिकडची एखादी बाई 'रस्त्यावर दिवा पाहिजे' म्हणाली, तर तिच्या मनात पोरं शाळेतून घरी येईपर्यंतची धास्ती असते. ती लिहून घ्यायला तुझ्या फॉर्मात रकाना नाही.

मी काही नवं सांगत नाही. शिरूर तालुक्यातल्याच जातेगाव बुद्रुकची पाहणी हॅरॉल्ड मान आणि कानिटकर यांनी केली होती. मान पुण्याच्या शेतकी कॉलेजचे एकेकाळचे प्राचार्य. जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, पोट भरतं का, असा हिशेब मांडलेलं ते पुस्तक 1921 साली निघालं. डॉ. श्रीनाथ कलबाग तर पाबळला राहायलाच आले. त्यांचा विज्ञान आश्रम 1983 चा. गाव अवर्षणातलं, विहिरीला पाणी लागेल का हीच विवंचना. मग आश्रमातली पोरं जमिनीचा विद्युतरोध मोजून पाण्याचा अंदाज घ्यायला शिकली. गरज अशी राहून कळते. तुला तेवढा वेळ नाही, हे मान्य.

आता आमच्याकडचं. रेल्वेखालच्या कुरकुंभ मोरीचं रडगाणं तुला जो तो ऐकवील. वहीत लिही आणि सोडून दे. रेल्वेखालून वाट काढणं पोरासोरांच्या फावड्याचं काम नव्हे. तुमच्या हातून होईल असं काम उसाच्या फडात आहे. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. ही माणसं इथल्या मतदारयादीत नाहीत, म्हणून कुणाच्या पाहणीतही नसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघंही अंधारातच फडात जातात. परवा पाटसच्या अलीकडे एका कोपीपुढं आठ-नऊ वर्षांची पोरगी एका हातानं चुलीतला जाळ सारत होती, दुसऱ्या हातानं रांगत्या भावाचा सदरा धरून होती. कितवीत आहेस, विचारलं. म्हणाली, "तिसरीत. पण गावाकडं." झेडपीची शाळा तिथून दिसत होती.

अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवून इथल्या शाळेत बसता येतं. पण कार्डामागे धावण्याआधी त्या भावाची काय सोय, ते बघ. अंगणवाडी त्याला घेईल का? किती वाजता उघडते? तो सुटल्याशिवाय ती पोरगी सुटत नाही. आणि हे सात दिवसांत आटपणारं नाही. तेव्हा शिबिरात वस्त्यांची नोंद करा आणि इथल्या कॉलेजातली पोरं जोडीला घ्या. हंगाम संपेपर्यंत ती इथंच असतात.

आधी तू आणि एखादी मैत्रीण, दोघीच या. घोळका नको, फोटो तर नकोतच. संध्याकाळच्या गाडीनं या, माणसं तेव्हा कोपीवर भेटतात. मी स्टेशनवर येतो. टोळीच्या मुकादमाशी बोलून ठेवलंय, पण तो समोर असताना आगाऊ उचलीचा प्रश्न काढू नकोस.

तुझा,
मामा