मावरोत्रागानो आणि मामांचं खाचर

ग्रीस फिरून आलेल्या एका मित्राने गेल्या महिन्यात बाटली उघडली. सांतोरिनी बेटावरची रेड वाईन, द्राक्षाचं नाव मावरोत्रागानो. मावरो म्हणजे काळं, त्रागानो म्हणजे कुरकुरीत! पहिल्याच घोटाला कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ आकसली. दुसरा ग्लास मात्र मीच मागून घेतला.

घरी येऊन वाचत बसलो (सवय वाईट!). मणी बारीक, साल जाड, म्हणून हा तुरटपणा. पण उतारा कमी. बेटावर राज्य पांढऱ्या असिर्तिको द्राक्षाचं; ही काळी वेल जुन्या मळ्यांत थोडीफार उरलेली. १९९०च्या दशकात पारिस सिगालास आणि हारिदिमोस हात्झिदाकिस या दोघा वाईनवाल्यांनी तिची वेगळी वाईन करायला घेतली आणि जात वाचली.

हे वाचलं आणि मला आमचे कापूरहोळचे मामा आठवले..

त्यांच्या खाचरात आंबेमोहर असायचा. पाच वर्षांपूर्वी मी हुशारीने एक्सेल शीट केली. आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो, करपा लवकर धरतो, उतारा कमी. इंद्रायणी ही त्याचीच लेक. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला, १९८७ सालचा. वासही आहे आणि पीकही जास्त. "मामा, सगळीकडे इंद्रायणीच लावा." मामांनी ऐकलं. इंजिनियर भाचा ना!

परवाच्या शनिवारी बाईक काढून गेलो. मामींनी इंद्रायणीचा गरम भात वाढला. चांगलाच होता, खोटं कशाला बोलू? पण आजी असताना भात रटरटायला लागला की आंब्याच्या मोहोराचा वास ओसरीपर्यंत यायचा, तो काही आला नाही. माझ्या शीटमध्ये वासाचा कॉलमच नव्हता!

"मामा, आंबेमोहराचं बी आहे का हो थोडं?"

"तूच बंद करायला लावलंस की रे!" मग जरा थांबून म्हणाले, "भावकीत एकाकडे मिळंल पायलीभर. पण तोटा कोण भरणार?"

प्रश्न रास्त होता. वास मला हवा आणि नुकसान त्यांनी का सोसायचं? म्हटलं, "कोपऱ्यातलं एक खाचर लावा. जेवढं निघेल ते मी घेतो, तुम्ही सांगाल त्या भावाने."

मामा हसले. "चालंल. पण लावणीला तू यायचं. चिखलात. शीट पाठवायची नाही."

असो. जुलैची सुट्टी आजच टाकली आहे. मॅनेजरला कारण काय सांगायचं, ते बघू!