इप्सविचचें ‘प्राचीन गृह’

इंग्लंडच्या पूर्वेस सफोक परगण्यांत इप्सविच हें जुनें बंदर आहे. तेथील ‘बटरमार्केट’ म्हणजे लोणीबाजार या पेठेंत ‘एन्शंट हाउस’, अर्थात् प्राचीन गृह, या नांवानें प्रसिद्ध असलेलें एक घर आहे. त्याचा सर्वांत जुना भाग पंधराव्या शतकांतील. एवढी पुरातन वास्तु दुकानाच्या कामीं आली हें ऐकून रसिक वाचकांस हळहळ वाटेल. परंतु तिची रचना व इतिहास पाहिल्यास ती हळहळ अस्थानीं आहे असें दिसून येईल.

या घराचा सांगाडा ओक लाकडाचा आहे. त्या काळचे सुतार ओक ओला असतांनाच घडवीत. तुळईच्या टोकाचें कुसूं खांबाच्या खाचेंत बसवून वर लाकडी खुंटी ठोकीत. लाकूड वाळूं लागलें म्हणजे सांधे अधिकच आवळत. घराचा सारा भार सांगाड्यावर. मधल्या भिंती केवळ आडोशाच्या. काठ्या विणून त्यांवर माती लिंपावयाची, म्हणजे आपल्या कोंकणांतला कूडच म्हणा ना! अशी भिंत काढून तेथें मोठी खिडकी बसविली तरी वरचा मजला ढासळत नाहीं. दुकानास दर्शनी भाग मोकळा लागतो; असें घर तो सहज देऊं शकतें.

रस्त्यावरून मात्र नजरेंत भरतो तो गिलावा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्पॅरो घराण्यानें चुन्याच्या गिलाव्यांत उठावदार नक्षी काढून दर्शनी बाजू नटविली. मध्यभागीं दुसऱ्या चार्ल्स राजाचें राजचिन्ह असून खिडक्यांखालीं युरोप, आशिया, आफ्रिका व अमेरिका या चार खंडांचीं चित्रें आहेत. अमेरिकेपाशीं तंबाखूची नळी, तर आफ्रिका छत्री धरून मगरीवर आरूढ! ऑस्ट्रेलियाचा पत्ताच नाहीं. खंडें चार, या तेव्हांच्या रूढ कल्पनेंत त्यास जागा नव्हती.

हें वैभव कोणा सरदाराचें नव्हे. १५६७ सालीं हें घर जॉर्ज कॉपिंग या कापड व मासळीच्या व्यापाऱ्याकडे आलें. पुढें सुमारें दोनशें वर्षें तेथें नांदलेले स्पॅरोही व्यापारीच. एकोणिसाव्या शतकांत तेथें पुस्तकांचें दुकान निघालें आणि तो व्यवसाय विसाव्या शतकांतही चालू राहिला. तेव्हां दुकानानें या घराचें शील भ्रष्ट केलें असें म्हणतां येत नाहीं; ज्या व्यवसायानें त्यास सजविलें, त्यानेंच त्यास पुढें पोसलें.

१९८० च्या सुमारास नगरपालिकेनें ही वास्तु विकत घेऊन दुर्बळ झालेल्या सांगाड्याची दुरुस्ती केली. नंतर पुन्हां तेथें दुकान आलें. संरक्षित वास्तूंच्या पहिल्या श्रेणींत तिची गणना होते. रिकाम्या घरांत कौल फुटलें तर कोणास कळत नाहीं, आणि ओल तुळयांत मुरत राहते. वावरत्या घरांत तो डाग दुसऱ्या दिवशीं दिसतो, व दुरुस्तीस भाड्याचा पैसाही हाताशीं असतो. दुकानें येतील व जातील. खांबांस व गिलाव्यास धक्का लागूं न देणें एवढीच अट पुरे.