गणपतीची माळ आणि नातीचा प्रश्न

गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही माळ्यावरून दिव्यांची जुनी माळ खाली काढली. इंदूरच्या आमच्या घरात ती गेली कित्येक वर्षे मखराभोवती लागत आली आहे. खटका दाबला, पण एकही दिवा उजळला नाही. दहावीतली नात शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, एखादाच दिवा गेला असेल. श्रेणीक्रम आहे ना!" तिची शाळा हिंदी माध्यमाची. आमची एकसर जोडणी तिचा श्रेणीक्रम होते आणि आमचा परिणामी रोध तिचा तुल्य प्रतिरोध.

एकेक दिवा तपासता तपासता बोलणे सुरू झाले. एकसर जोडणीत विजेला वाट एकच. प्रत्येक दिव्यातून तोच प्रवाह जातो, म्हणून रोधांची सरळ बेरीज होते. एका दिव्याचा रोध ६० ओहम धरला तर ४० दिव्यांचा २,४०० ओहम. २३० व्होल्टचा दाब सर्वांत वाटला जातो आणि एकेकाच्या वाट्याला सहा व्होल्टही येत नाहीत. म्हणूनच हे इवलेसे दिवे टिकतात. मात्र एकाची तार तुटली की सगळ्यांचीच वाट खुंटते.

"हे कळतं," नात म्हणाली, "पण समांतर जोडणीत ६ आणि ३ ओहमचं उत्तर २ येतं. रोध जोडला आणि एकूण रोध घटला, हे कसं? सूत्र पाठ आहे, पण पटत नाही."

आम्ही म्हणालो, "अनंतचतुर्दशीच्या झांक्या पाहून लोक परततात तेव्हा एका बोळात किती रेटारेटी होते! शेजारचा दुसरा बोळ मोकळा केला, तर तो कितीही अरुंद असो, गर्दी लवकर ओसरते ना? इथेही रोधांची नव्हे, वाटांची बेरीज करायची. एक षष्ठांश आणि एक तृतीयांश मिळून अर्धा. तो उलटा केला की २."

तिला पटले; परंतु आम्हाला मात्र एक जुनी गोष्ट आठवली. एका हिवाळ्यात आम्ही एकाच ५ अँपिअरच्या बोर्डावर १,००० वॉटची शेगडी आणि तेवढ्याच वॉटची इस्त्री लावली होती. प्रत्येकीचा रोध सुमारे ५३ ओहम, प्रवाह साडेचार अँपिअरहून कमी. एकटी कोणतीही झेपणारी. दोघी मिळून रोध साडेसव्वीस ओहमवर उतरला आणि प्रवाह पावणेनऊ अँपिअरच्या घरात गेला. फ्यूज वितळायला हवा होता. पण तो वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार आम्हीच घातली होती! वायरचे वेष्टन जळल्याचा वास आईला आला, म्हणून निभावले. त्याच खोलीत आमचा मुलगा, म्हणजे या नातीचे वडील, पाळण्यात निजले होते.

हे आम्ही आजवर कोणालाच सांगितले नव्हते. नात क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, आपल्या स्वयंपाकघरातल्या बोर्डावर सध्या काय काय लावलंय?"

आम्ही दोघे उठून पाहायला गेलो. मिक्सर, टोस्टर आणि विजेची किटली एकाच बोर्डावर होती. तिने किटलीची पिन काढली आणि भिंतीतल्या १५ अँपिअरच्या प्लगमध्ये लावली. मग परत येऊन आम्ही माळेतला जळालेला दिवा शोधू लागलो.