फीत थांबत नाही

जुन्या व्हिडिओ कॅसेटींवरचं चित्र डिजिटल करून देणं हे माझं काम. लग्नं, नाटकं, संस्थांचे रौप्यमहोत्सव असं काय काय या फितींवर असतं. बुरशी पुसायची, तुटलेली फीत सांधायची, ट्रॅकिंग जुळवायचं. हे वर्षानुवर्षं करताना फितीचा स्वभाव अंगवळणी पडतो. म्हणूनच कॅसेटवर चालणारं, पण बाजारात कधीच न आलेलं एक अमेरिकी खेळयंत्र मला फार जवळचं वाटतं. हॅसब्रो या खेळणी कंपनीचं हे ‘कंट्रोल-व्हिजन’. आतल्या गोटातलं नाव ‘निमो’. १९८९च्या सुरुवातीला ते दुकानांत यायचं होतं. चिपा महागल्या आणि प्रकल्प गुंडाळला, एवढ्यावर त्याची गोष्ट सहसा संपवतात. माझ्या मते खरी गोष्ट त्याच्या आधी घडून गेली होती. फितीच्या अडचणीतूनच तिथे खेळाची एक नवी रीत जन्माला आली, आणि यंत्र गेलं तरी ती मागे राहिली.

आधी फितीबद्दल. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद. व्हीसीआरचं झाकण काढलं की मधोमध एक चकचकीत, किंचित तिरपा ड्रम दिसतो. त्याच्या कडेला बारीक हेड बसवलेले असतात. अमेरिकी पद्धतीत हा ड्रम सेकंदाला ३० फेरे घेतो, आपल्याकडच्या पाल पद्धतीत २५. फीत मात्र त्याला वेढा घालून अमेरिकी पद्धतीत सेकंदाला जेमतेम ३.३ सेंटिमीटर सरकते. हेड एकदा फितीवरून गेला की एक तिरपी रेघ उमटते, आणि त्या एका रेघेत अर्ध्या चित्राची माहिती असते. त्याला आम्ही फील्ड म्हणतो. अमेरिकेत अशी सेकंदाला ६० फील्ड.

‘पॉज’ दाबला की फीत थांबते, ड्रम थांबत नाही. हेड त्याच एका रेघेवरून पुन्हापुन्हा घासत राहतात. फीत खराब होऊ नये म्हणून काही मिनिटांनी व्हीसीआर स्वतःच पॉज सोडून देतो. दुसऱ्या प्रसंगावर जायचं तर फीत गुंडाळत बसावं लागतं. खेळणाऱ्याने डावीकडे वळायचं ठरवलं आणि डावीकडचं दृश्य फितीवर ४० मीटर पुढे असलं, तर तिथे पोचेपर्यंत खेळाचा जीवच निघून जाईल. १९८३च्या ‘ड्रॅगन्स लेअर’ या खेळाला ही अडचण आली नाही, कारण तो लेसरडिस्कवर होता, तबकडीवर उडी मारता येते. फितीवर येत नाही.

निमोच्या मंडळींनी यातून काढलेला मार्ग मला आजही भुरळ घालतो. उडी मारायचीच नाही. सगळ्या शक्यता एकाच वेळी हेडखालून जाऊ द्यायच्या. पत्ते वाटताना एकेक पान आळीपाळीने चौघांपुढे पडतं, तशी चार दृश्यांची फील्ड फितीवर एकाआड एक मांडायची. यंत्राने त्यातलं हवं तेवढं उचलायचं, बाकीचं जाऊ द्यायचं. खेळणाऱ्याने बटण दाबलं की उचलायचं पान बदललं. फीत होती त्याच गतीने चालते आहे, आणि पडद्यावर मात्र क्षणात दुसरी खोली.

चार दृश्यं धरली तर एकेकाच्या वाट्याला सेकंदाला १५ फील्ड येतात. मधल्या वेळात पडदा काळा पडू द्यायचा नसेल तर उचललेलं चित्र कुठेतरी धरून ठेवायला हवं. ते धरायला मेमरी लागते, आणि एका चित्रालाच दहांच्या पटीत किलोबाइट. त्या काळी अमेरिकेत घरोघरी असलेल्या निन्टेन्डोच्या यंत्रात कामाची मेमरी २ किलोबाइट होती, यावरून अंदाज यावा.

हे सगळं उभं राहिलं ते अटारी या खेळ कंपनीचे सहसंस्थापक नोलन बुशनेल यांच्या अ‍ॅक्सलॉन कंपनीत. सूत्रधार टॉम झिटो, एकेकाळचे वॉशिंग्टन पोस्टचे पत्रकार. सोबत रॉब फुलॉप, ‘पिटफॉल’वाले डेव्हिड क्रेन असे अटारीच्या काळातले मुरलेले खेळकर्ते. प्रायोगिक यंत्र त्यांनी कोलेकोव्हिजन या खेळयंत्रात फेरफार करून बनवलं. त्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये ‘तमारा’ नावाचं नाटक चालू होतं. एका मोठ्या घरातल्या अनेक खोल्यांत प्रसंग एकाच वेळी घडत, आणि प्रेक्षक आपल्या पसंतीच्या पात्रामागे या खोलीतून त्या खोलीत जात. फितीला नेमकं हेच जमणारं होतं. हॅसब्रोला दाखवण्यासाठी ‘सीन ऑफ द क्राइम’ हा काही मिनिटांचा नमुना चित्रित झाला. एक घर, काही माणसं, एक चोरी. कॅमेरे बदलत चोर ओळखायचा. हॅसब्रोने पैसे लावले.

मग १९८७मध्ये ‘नाइट ट्रॅप’ हा खेळ कॅलिफोर्नियात चित्रित झाला. खर्च सुमारे १५ लाख डॉलर. खेळात एका घरात आठ ठिकाणी कॅमेरे: स्वयंपाकघर, दिवाणखाना, न्हाणीघर, बाहेरची वाट वगैरे. मुली रात्री मुक्कामाला आल्या आहेत. रक्तपिपासू आगंतुक घरात शिरताहेत, आणि योग्य क्षणी बटण दाबून त्यांना सापळ्यात पाडायचं. सापळे एका रंगाच्या संकेतावर चालतात. घरची माणसं मधेच कुठल्यातरी खोलीत बोलता बोलता तो रंग बदलतात. तुम्ही तेव्हा दुसरीकडे बघत असलात तर तुमचे सापळे चालेनासे होतात, आणि का ते कळतही नाही. मी हा खेळ खेळताना पहिल्यांदा इथेच थबकलो. ही फितीचीच चाल आहे. ती कुणासाठी थांबत नाही. तुम्ही इथे असता तेव्हा तिथलं निसटून जातं. सगळं एका बैठकीत दिसणार नाही, ही अडचण होती, आणि तिचाच त्यांनी खेळ केला. त्या काळातल्या इतर चित्रित खेळांत मला एवढी प्रामाणिक रचना दिसत नाही.

‘सूअर शार्क’ हा दुसरा मोठा खेळ हवाईत चित्रित झाला. दिग्दर्शक ‘स्टार वॉर्स’च्या दृश्यकरामतींचे जॉन डायकस्ट्रा, खर्च जवळजवळ दुप्पट. देखणा आहे, पण खेळ म्हणून मला तो ‘नाइट ट्रॅप’पेक्षा खूपच साधा वाटतो.

१९८८मध्ये मेमरी चिपांचा जगभर तुटवडा पडला. चित्र धरून ठेवण्याची जी गरज वर सांगितली, नेमकी तीच महागली. १९९ डॉलरचं ठरवलेलं यंत्र २९९वर जाऊ लागलं आणि हॅसब्रोने हात आखडता घेतला. झिटोंनी चित्रणाचे हक्क घेऊन ठेवले, १९९१मध्ये डिजिटल पिक्चर्स कंपनी काढली, आणि १९९२मध्ये दोन्ही खेळ सेगा सीडी या तबकडीवर चालणाऱ्या खेळयंत्रावर आले. तिथे तबकडीवरून सेकंदाला १५० किलोबाइट एवढाच प्रवाह आणि पडद्यावर एका वेळी ६४ रंग. त्यामुळे फितीसाठी काढलेलं चित्र नव्या माध्यमात रवाळ आणि मळकट झालं.

एक गोष्ट मला फार खुपते. मुलांनी नक्कल करू नये म्हणून हॅसब्रोने हिंसा अनुकरण करता न येणारी असावी असा आग्रह धरला होता. त्यातून ‘नाइट ट्रॅप’मधलं, मानेला अडकवायचं ते विचित्र रक्तशोषक यंत्र सुचलं. डिसेंबर १९९३मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सिनेटर जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल यांच्यापुढे खेळांतल्या हिंसेची सुनावणी झाली, तेव्हा ‘नाइट ट्रॅप’वर बोट ठेवलं गेलं, आणि काळजीपोटी आलेलं ते यंत्रच भयानक ठरलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत खेळांना वयोगटाचे शिक्के देणारी ईएसआरबी ही संस्था निघाली. हा खेळ खेळणाऱ्याच्या लक्षाची परीक्षा घेतो, बाईला मारायला सांगत नाही; मुलींना वाचवणं हेच त्यातलं काम आहे. हे त्या गदारोळात कुणी नीट ऐकून घेतलं नाही असं माझं मत आहे.

२०१७मध्ये ‘नाइट ट्रॅप’ची नवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत ‘सीन ऑफ द क्राइम’ही लोकांना खेळायला मिळाला. आनंद झाला. पण तो खेळ झाला. फीत ही वेगळी वस्तू आहे. अशी आळीपाळीने मांडलेली फीत नेहमीच्या रीतीने उतरवली तर तिची प्रत कायमची बिघडेल. सर्वसाधारण यंत्रणा शेजारची दोन फील्ड जोडून एक चित्र बनवते, शिवाय मागचंपुढचं चित्र सारखंच असणार हे गृहीत धरून माहिती आवळते. इथे शेजारची दोन फील्ड दोन वेगळ्या खोल्यांतली. ती एकदा मिसळून आवळली गेली की कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत सुटणार नाहीत. माझ्या क्षेत्रातल्या कुणाच्याही टेबलावर अशी कॅसेट आली तर थेट हेडवरचा कच्चा सिग्नल नोंदवून ठेवावा, प्रत्येक रेघ सुटी ठेवावी, आणि चित्र बनवण्याचा भाग नंतर संगणकावर करावा. वेळ बराच लागतो आणि डिस्क भराभर भरते, पण खोल्या वेगळ्या राहतात.