न भाजलेली वीट

काळ्या मातीची वीट पाडायला मी सरळ नकार देतो. पाण्याने फुगायची आणि उन्हाने भेगाळायची तिची खोड चार-पाच टक्के सिमेंटने जात नाही. पण त्याच शेताच्या कडेला तांबूस, मुरमाड माती लागली की माझे हात शिवशिवतात.

यंत्राने दाबलेली मातीची वीट म्हणजे काही आजची नवलाई नाही. १९५०च्या दशकात कोलंबियात सिन्वा-रॅम हे हातयंत्र आलं. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि ऑरोव्हिलच्या मंडळींनी या कामाला मातीच्या अभ्यासाची बैठक दिली.

खणताना वरची वीतभर माती आम्ही बाजूला काढतो. ती पिकाची. भट्ट्यांसाठी अशी कसदार माती खरवडून नेतात आणि वर कोळसा जाळतात, हे मला फार लागतं. वीट खालच्या मातीची पाडावी. तिच्यात साधारण निम्मी वाळू आणि पाचवा हिस्सा चिकणमाती असली की पाच टक्के सिमेंट पुरतं. चिकणमाती जास्त असेल तर चुना बरा.

खरं कसब पाण्याचं. कालवलेल्या मातीचा मुठीत गच्च गोळा वळायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून टणक जमिनीवर सोडायचा. भुगा झाला तर पाणी कमी; चपटा होऊन बसला तर जास्त. चार-पाच तुकडे झाले की साचा भरायला घ्यायचा, आणि तोही लगेच, कारण सिमेंट पडलेली माती थांबत नाही. दांडा खाली ओढला की धारदार कडांची वीट वर येते. कोपऱ्यांना बोट न लावता ती दोन्ही तळव्यांनी उचलायची.

मग थप्पी झाकून २८ दिवस ओलसर ठेवायची. इथे मालकांचा धीर सुटतो. भट्टीचा ट्रक संध्याकाळी दारात येतो, असं ऐकवतात. मी यातला एक दिवसही सोडत नाही. आगीचं काम इथे ओलाव्याने करायचं असतं, त्याला वेळ हवाच. शिवाय जोतं दगडाचं हवं आणि छपराची वळचण रुंद. पावसाच्या झडीपुढे उघडी मातीची भिंत मी ठेवत नाही.

मातीच दोन तालुके ओलांडून आणावी लागत असेल तर हा हट्ट सोडावा. चंद्रपूर, कोराडी, परळी, एकलहरे अशा औष्णिक केंद्रांच्या आसपास राखेची वीट बरी. तीही भाजावी लागत नाही.

घर बांधायला निघाला असाल तर आराखड्याआधी प्लॉटवर एक खड्डा घ्या. खालची मूठभर माती काचेच्या बरणीत पाणी घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाशी वाळूचा जाड थर बसलेला दिसला, तर विटांची ऑर्डर देण्याआधी मातीची वीट पाडणाऱ्या माणसाला एकदा बोलवा.