शेळीचे प्रगतिपुस्तक

नॉर्थ कॅरोलायनात ॲशव्हिलला जाणारी आपली मंडळी बिल्टमोरचा वाडा पाहून परततात. आमचं ऐकाल तर अर्ध्या-पाऊण तासावरच्या फ्लॅट रॉकलाही जाच. कवी कार्ल सँडबर्ग १९४५ साली इथे राहायला आले ते मुख्यतः पत्नी लिलियन यांच्या शेळ्यांना कुरण हवं म्हणून! बाईंच्या कळपाचे वंशज तिथे अजून पाळले आहेत. त्यातल्या लांब, लोंबत्या कानांच्या न्यूबियन पाहून आम्ही थबकलोच. या जातीत आपल्या जमनापारीचं रक्त आहे, म्हणजे माहेरचंच माणूस की!

आम्हाला घरच्या दुधासाठी आणि पुढे करडं ठेवण्यासाठी एक शेळी घ्यायची होती. जवळच्या एका गोठ्यावर मालकीणबाईंनी दोघींचे कागद पुढे ठेवले. अमेरिकन डेअरी गोट असोसिएशनचे परीक्षक शंभरपैकी गुण देतात. नव्वदच्या वर म्हणजे उत्कृष्ट. या दोघींना ८६-८६. मग निवडायची कुठली?

खरी मेख आकड्याआधीच्या चार अक्षरांत असते. एकूण बांधा (३५ गुण), दुधाळ ठेवण (२०), शरीराचा घेर (१०) आणि कास (३५), असा त्यांचा क्रम. पहिलीचं 'ई ई ई ए', दुसरीचं 'प्लस व्ही व्ही ई'. आपल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकातला 'ए' इथे कामाचा नाही हो! इथे 'ई' पहिला, मग 'व्ही', मग 'प्लस', आणि 'ए' चौथा, म्हणजे 'चालेल' इतपतच. पहिली दिसायला राणी, पण कासेत कमी.

खाली एक ते पन्नासचे आकडे होते. ते गुण नव्हेत, नुसतं वर्णन. सडांची जाडी मधली बरी. मागच्या कासेची उंची मात्र जितकी जास्त तितकी चांगली. पहिलीच्या कासेला मधून पेलणारा बंध कमजोर निघाला. अशी कास दर वेतागणिक लोंबते, सडांना इजा होते आणि कासदाहाला आमंत्रण मिळतं.

तारीखही पाहावी. पहिल्या वेतातले ८६ आणि पाचव्या वेतातले ८६ यांत फार अंतर आहे. दुसरी पाचव्या वेतातली, तरी कास घट्ट. बोकडाला तर कासच नाही, तेव्हा त्याच्या आईचे नि मुलींचे कागद मागावेत.

आम्ही दुसरीवर बोट ठेवलं. पण दूध किती, हे या कागदावर नसतंच. बाई हसल्या आणि दुधाच्या नोंदींची वही आणायला आत गेल्या.